भोयर-कणाची दिवाळी

हसू नका, आधीच सांगतो! चहा संपेपर्यंत दम धरा, मग पोट धरून हसा. कारण एकदा अख्ख्या विज्ञानाला हलवून सोडायला मी फक्त बोटभर कमी पडलो होतो.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. नागपुरात मी बेडकाच्या मेंदूतल्या पेशींवर संशोधन करत होतो. करत होतो म्हणजे काय, दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नुसता बसलो होतो! शेवटी आमच्या मार्गदर्शक वानखेडेबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "भोयर, दिवाळीपर्यंत काहीतरी नवं दाखव. नाहीतर तुझी शिष्यवृत्ती बंद."

बंद म्हणजे काय कळतंय ना? कळमेश्वरला मामाच्या कापडदुकानात जन्मभर लुगड्यांच्या घड्या! नुसत्या विचाराने घाम फुटायचा हो.

तेवढ्यात आली खंडेनवमी. प्रयोगशाळेत चिमटे, कात्र्या, सूक्ष्मदर्शक, सगळं पूजेला मांडलं. आमचे प्रयोगशाळा-सेवक गणपतराव म्हणाले, "साहेब, दांड्याले कुंकू लावा, झालं."

दांड्याला? माझी गरज केवढी मोठी! मी डोळा लावायची नळीच उपसली आणि थेट तिच्या आतल्या भिंगावर चिमूटभर कुंकू वाहिलं. हात जोडले, फुंकर मारली, नळी परत बसवली. सगळं उडालं असेल असं मी धरून चाललो.

दसऱ्यानंतर डोळा लावला आणि उडालोच! निळ्या रंगवलेल्या पेशीत तीन लाल कण! दुसऱ्या पेशीत? तीन. कांद्याच्या पेशीत? तीन. झुरळात तीन, माझ्या स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशीत तीन! तेही दरवेळी त्याच कोपऱ्यात, त्याच मांडणीत.

इथे कोणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला हारतुरे दिसायला लागले. बारसंही मीच केलं, भोयर-कण! बाईंना "उद्या या, दाखवतो" म्हणून निरोप दिला आणि मामाला तार ठोकली.

मामा सकाळच्या एसटीनेच संत्रा बर्फीचा डबा घेऊन हजर. मी त्याच्याही गालातून काडी फिरवली, काच लावली.

"दिसून राहिलं का मामा?"

"लाल लाल दिसून राहिलं गा! हे माह्या गालात होतं?"

"तुझ्या, माझ्या, झुरळाच्या, सगळ्यांच्या!"

मामाने सूक्ष्मदर्शकालाच नमस्कार केला आणि बर्फी वाटत सुटला. शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा तोंड गोड करून गेली.

मग बाई आल्या. डोळा लावला. माझी छाती फुगत चालली होती. त्यांनी दोन बोटांनी हलकेच नळी फिरवली.

"भोयर," त्या म्हणाल्या, "पेशी जागच्या जागी आहे. तुझे कण मात्र फुगडी घालताहेत."

नळी काढली, आत बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. लालभडक!

"साहेब, मी म्हनलं होतं ना तुमाले, दांड्याले लावा!" गणपतराव कळवळले.

मामाच्या हातातली बर्फी हातातच राहिली. "म्हंजे माह्या गालात काहीच नाही?"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटलं, हसल्या म्हणजे सुटलो. कसला सुटतोय! दिवाळीला शिष्यवृत्ती बंद ती बंदच, आणि मी कळमेश्वरला, लुगड्यांच्या घड्यांत.

पुढची खंडेनवमी दुकानात. कात्री, मीटरची पट्टी पूजेला मांडलेली. मी भक्तिभावाने कुंकवाचा करंडा उचलला, तोच भरल्या दुकानात मामा गादीवरून ओरडला,

"पट्टीले कुंकू लाव, पण आकड्यायवर नको लावू गा!"