मंगलचं स्थळ आणि न आलेली लस

माझ्या नणंदेचं, मंगलचं, लग्न एका दातापाशी अडलं होतं. दात तिचा नव्हता. तो दत्ताचा होता, म्हणजे तिला सांगून आलेल्या मुलाचा. मुलगा दौंडला रेल्वेत फिटर, राहायला क्वार्टर, स्वभाव शांत, व्यसन नाही. बघायला आला तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि निघताना तो हसला. तेवढंच त्याचं चुकलं. वरचा पुढचा एक दात काळा पडून निम्मा झिजलेला होता.

माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, पाहुण्यांची जीप वळायच्या आत निकाल दिला.

"न्हाई जमायचं."

आबांची बाजूही सांगायला हवी. पाबळजवळच्या आमच्या वाडीत आता विहीर आहे, कांदा आहे. पण त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलं. तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय त्यांनी बाजारात कधी बोली लावली नाही. (आमची जुनी स्कूटर घेतली तेव्हासुद्धा ते आधी तिच्या तोंडाकडे गेले होते.)

"कीड रक्तातनं येती," ते म्हणाले. "उद्या नातवंडंबी तसलीच निपजायची."

मंगल स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "वहिनी, मला पसंत हाय. काहीबी करा, पर आबांना वळवा."

काहीही करा म्हटलं की मला हुरूप येतो. मी याद्या करणारी बाई. त्या दिवसाच्या यादीत 'दळण' आणि 'कांद्याच्या गोण्या' यांच्या खाली मी लिहिलं: 'आबांना वळवणे'. संध्याकाळपर्यंत होईल असा अंदाज होता.

साधनही लगेच सापडलं. पेपरात एक छोटी बातमी होती: दात जंतूंमुळे किडतात, ते जंतू बाळाला बहुधा मोठ्यांच्या लाळेतून लागतात, आणि त्यांच्यावर लस शोधण्याची खटपट चालू आहे. आबा जेवायला बसल्यावर मी ती वाचून दाखवली.

"म्हणजे कीड रक्तातून येत नाही, आबा. त्यावर लस येतेय."

आबांचा घास थांबला. लसीवर त्यांचा फार विश्वास. दरवर्षी पावसाळ्याआधी ते मेंढरांना टोचून घेत, आणि पोलिओचे थेंब पाजायला नातवाला स्वतः खांद्यावर बसवून नेत.

"मेंढरांना असती तसली?"

"तसलीच."

"कवा येनार?"

बातमीत ते नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण यादीतलं कलम अजून खोडायचं राहिलं होतं!

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

"मग झालं तर," आबा समाधानानं म्हणाले. "लस यीऊ द्या. पोराला टोचू. मग लग्न."

आतापर्यंत लग्न नुसतं मोडत होतं. मी ते शास्त्राच्या आधारानं बेमुदत लांबणीवर टाकलं होतं! शिवाय ही लस नवे दात वाचवण्यासाठी होती, किडलेला दात तिनं परत येणार नव्हता. पण हे आता आबांना कोण सांगणार?

निरोप घेऊन मध्यस्थ तात्या दौंडला गेले. मी त्यांना सगळं नीट समजावलं होतं: जंतू, लाळ, शास्त्रज्ञ, आशा. तात्यांना लांबलचक बोलणं आवडत नाही. त्यांनी तिकडे जाऊन सांगितलं, "पोराला आधी इंजेक्शन द्या म्हनत्यात, मग पोरगी देतील."

रविवारी जीप परत आली. आधी दत्ताची आई उतरली. मागून दत्ता, तोंडाला रुमाल लावून. पाण्याचा तांब्या बाईंनी हातानंच मागे सारला.

"माझ्या पोराला कसला रोग हाय म्हनं? सगळी कॉलनी इचारती."

"रोग नाही हो," मी पुढे झाले. "दातांचे साधे जंतू असतात. लहानपणी लाळेतून लागतात. बहुतेक वेळा आईच्याच..."

"म्हंजी म्या लावला?"

"तुम्ही असं नाही. कुठलीही आई..."

"याची आई मीच हाय की."

"आये, बस जरा," दत्ता रुमालातून म्हणाला.

"बसत न्हाई. आमचं दात बघितलं न्हवं? आता तुमच्या घरचं बघू द्या. बॅटरी हाय का?"

बॅटरी होती. आमच्या घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते, त्यामुळे नवे सेल घातलेली बॅटरी मी लगेच आणून दिली. माझ्या व्यवस्थितपणाचा मला अभिमानही वाटला.

पहिले आबा. त्यांचे दात मक्याच्या कणसासारखे! बाई मंगलकडे वळल्या. मंगलच्या दोन दाढा काळ्या. आबांनी बॅटरी ओढून घेतली आणि स्वतः पाहिलं.

"ह्या कवा किडल्या?"

"शाळंत असताना."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, बाजारात न्याल."

मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणाले, माझं काही ठरायचं नाहीये, माझं लग्न होऊन गेलंय.

"शास्त्र तुमीच सांगत व्हता न्हवं? उघडा."

उघडलं. बाईंनी मागच्या दाढांपासून मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं. त्यांच्या खांद्यावरून आबाही डोकावले.

"आरारा. सूनबाई, तुला पसंत कुनी केली?"

"तुम्हीच, आबा."

"तवा तोंड उघडून बघितलं न्हाई व्हय मी?"

"तेव्हा मला कुणी तोंडच उघडू दिलं नाही."

दत्ताचा रुमाल खाली पडला. तो काळ्या दातासकट मोकळेपणानं हसत होता, त्याच्याकडे बघून मंगल हसायला लागली, आणि शेवटी त्याच्या आईलाही पदर तोंडाला लावावा लागला. आबांनी बॅटरी विझवली.

"दोन्ही कळप सारखंच," ते म्हणाले. "मग थांबायचं कशापायी? लस यील तवा यील. कोकरांना टोचू."

बाईंनी तांब्या मागवला आणि त्या घटाघटा पाणी प्यायल्या.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. दत्तानं दौंडच्या डॉक्टरांकडून दात नीट करून घेतला. मंगलला मुलगी झाली तेव्हा लस आली नव्हती, म्हणून मी दोन्ही घरांना बजावलं: आपल्या तोंडातला चमचा पोरीच्या तोंडात घालायचा नाही, रात्री दात घासल्याशिवाय निजवायचं नाही. सगळे वैतागले, पण पाळलं.

अजूनही लस आलेली नाही. येईल, लोक कामाला लागलेले आहेत. परवा सुट्टीत मंगलची मुलगी आली, तेव्हा आबांनी तिला उजेडात उभं करून तोंड उघडायला लावलं. नवे आलेले दात एकेक पाहिले. पांढरेशुभ्र. एकही डाग नाही.

"सूनबाई," आबा मला म्हणाले, "तुझी लस न येताच लागू पडली की गं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं. उत्तर द्यायची फार इच्छा होती. पण मी नुसती मान हलवली. माझी कवळी तेव्हा मोरीत वाटीत भिजत होती.