अर्धा चहा आणि वरचा वारा

माझी बायको वारा मोजते. आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग छताच्या पंख्याकडे बघतात. हिवाळ्यात दिल्लीच्या खूप वर, पश्चिमेकडून पूर्वेकडे, नदीसारखा एक वारा धावत असतो. ती आणि तिचे सहकारी छोट्या संशोधन-विमानातून थेट त्यात शिरतात. या वाऱ्याच्या काठाशी निरभ्र आकाशातही विमान गचके खात वरखाली आदळतं, हे तिनेच मला एकदा मेथी निवडताना सांगितलं. तेव्हापासून हिवाळा माझ्या मनातून उतरला आहे.

त्या विमानात संडास नाही. म्हणून उड्डाणाच्या सकाळी ती अर्धाच कप चहा पिते. उरलेला अर्धा मी बशीने झाकून ओट्यावर ठेवतो आणि ती परतेपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. आल्यावर ती तो थंडगार चहा एका घोटात संपवते आणि मला हसते. "इंजिनिअर माणूस तू, आणि कपावर विमान उडवतोस!" म्हणू दे. मी जन्माचा भित्रा, आणि भित्र्याला धरायला काहीतरी लागतंच.

या जानेवारीत एका उड्डाणाच्या सकाळी कामवाली बाई आली नाही. मी घरूनच काम करत होतो. मीटिंगआधी भांडी उरकावीत म्हणून भराभर हात चालवले, आणि धुतलेला कप पालथा घालताना लक्षात आलं की तो तिचा होता. चहा सिंकमधून कधीच गेला होता. मग स्वतःलाच दटावलं, अरे, कप म्हणजे कप.

तरी मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडलाच. तिचं विमान वळून पश्चिमेकडे निघालं होतं आणि त्याचा वेग उतरत होता. उतरतच होता. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "सर, आप म्यूट पे हो क्या?" म्यूटवर नव्हतो, नकाशावर होतो. वेग गेला की विमान पडतं, एवढं विज्ञान मला येतं. नेमकं एवढंच येतं. उंचीचा आकडा जागचा हलला नव्हता, पण मला वाटलं, आता हलेल. आता.

लॅपटॉप तसाच टाकून मी तिच्या ऑफिसात फोन लावला. जमिनीवरून उड्डाणावर लक्ष ठेवणाऱ्या तिच्या एका सहकाऱ्याने उचलला.

"भाईसाहब, स्पीड गिर रही है," एवढंच मला बोलता आलं.

"हाँ जी, बिल्कुल गिर रही है!" तो जवळजवळ ओरडलाच. "क्या तगड़ी हवा मिली है आज!"

माझा जीव टांगणीला आणि यांची दिवाळी. मग त्याने नीट समजावलं. विमान हवेतून आपल्या नेहमीच्याच वेगाने चाललंय, पण वारा समोरून येतोय, म्हणून जमिनीच्या हिशेबाने ते रेंगाळतं. जितकं रेंगाळेल तितका वारा जोराचा, आणि तोच मोजायला ते गेलेत. मी "अच्छा, अच्छा" म्हणत फोन ठेवला आणि ओट्यापाशी फरशीवरच बसलो. सगळं पटलं होतं. पण तो कप ओट्यावर पालथाच होता.

दुपारी ती आली. बूटही न काढता सरळ ओट्याकडे गेली.

"माझा चहा कुठाय?"

"कप धुतला गेला माझ्याकडून. चुकून."

आता ही चांगली आठवडाभर चिडवणार, असं मला वाटलं. ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली. मी ताजा चहा करून दिला, तर तिने तो न पिताच बाजूला सरकवला.

"आज वर फार जोरात आदळलो रे," ती म्हणाली. "वाटलं, संपलं. डोळे मिटून मी एकच घोकत होते, घरी माझा अर्धा चहा आहे, घरी माझा अर्धा चहा आहे."

तिने माझ्याकडे बघितलं.

"आणि तू कप धुतला होतास."