किल्ल्यांची हजेरी

जानेवारीतला दुसरा सोमवार, सकाळी दहा. पोखर्णीजवळच्या एका गावातलं समाजमंदिर. हजर: सरपंच, ग्रामसेवक, पवनचक्की कंपनीचे साहेब, चव्वेचाळीस गावकरी, नोंदी घेणारी मी. शिवाय तेरा किल्ल्या.

किल्ल्या आणल्या कौसामावशींनी. गायरानावर पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. त्याआधी गावाचं मत लिहून घेणं हे कंपनीनं मला दिलेलं काम. सह्यांचा कागद फिरू लागला, तशा सत्तरीच्या मावशी मागून उठल्या. कमरेचा सुतळीत ओवलेला जुडगा सोडून त्यांनी माझ्या हजेरीच्या वहीवर ठेवला.

"मावशे, समदं गाव हाय की इथं," सरपंच म्हणाले.

"समदं? मंग ही कुलपं काय माझ्या माहेरची हायेत?"

तेरा घरं ऊसतोडीला गेली होती. जाताना किल्ली मावशींकडे ठेवायची, ही तिथली रीत. या घरांना शेती नाही. त्यांच्या शेळ्या गायरानावरच जगतात.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "फोनवर विचारू."

"फडात कोयता चालायलाय, साहेब. तिथं माणूस नुसतं हूं म्हणतंय. हूं म्हंजे कबूल न्हाई."

मी यादीवाली बाई. पण माझ्या वहीत न आलेल्यांसाठी रकानाच नव्हता. त्या दिवशी आखला. बैठक पुढे ढकलली.

मधल्या महिन्यांत गावात गेले की मावशी कुठलंतरी बंद घर उघडून झाडत असायच्या. "घर लय दिस बंद राहिलं की रुसतंय."

"आणि तुमचं घर?"

"त्येला सवय हाय माझी."

एप्रिलात माणसं परतली. किल्ली हातावर ठेवताना मावशी प्रत्येकाला बजावायच्या, "आदी पानी पी, मंग मीटिंगला ये." बारा घरं आली आणि मनसोक्त भांडली. ठरलं ते असं: पवनचक्क्या चालतील, पण तळ्याकडची शेळ्यांची वाट मोडायची नाही. कंपनीनं आपला रस्ता ओढ्यापलीकडून वळवला. "आता झालं गाव, येक घर सोडून," मावशी म्हणाल्या आणि पानाचा डबा उघडला.

पावसाळा सरल्यावर त्या चुडाव्याला लेकीकडे राहायला गेल्या. निघताना तेरावी किल्ली माझ्या हातात दिली. ती दत्ताची. तो ऊसतोडीच्या मुलखातच एका मळ्यात सालगडी म्हणून राहिलाय, दिवाळीला येईन म्हणतो. शेवटच्या पवनचक्कीची जागा त्याच्याच घरामागे आहे.

"तो आल्याबिगर यादी बंद करू नको, बाई."

साहेबांचे दोन फोन येऊन गेले. यादी बंद केलेली नाही. शनिवारी जाऊन दत्ताचं घर झाडून येते. तेराव्या ओळीत लिहिलंय: दत्ताचं मत, समोर बसून. बाकी.