बाबांच्या ऑपरेशनआधीच्या तीन शिफ्ट

आज सकाळी आमचे बाबा गेले आणि मला हायसं वाटलं.

दगड नाहीये मी. रडले, आत्ताही रडतेच आहे.

पण हेच जाणं मला तीस वर्षांपूर्वी दिसलं होतं, आणि तेव्हा ते फार वाईट दिसलं होतं.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये वीव्हिंग मास्टर. आठ-आठ तास मागांमधून चालायचे. मिल बंद झाली आणि माणूस खुर्चीत बसला. भूक मात्र मिलच्याच टायमाला लागायची. दोन वर्षांत शर्टाची बटणं लागेनात.

मग पोट दुखायला लागलं. लिव्हरमध्ये मोठी गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण ती फुटली असती तर माणूस हातचा गेला असता.

ऑपरेशन ठरलं आणि आपल्याकडे होतं तेच झालं. ऑपरेशनने अशक्तपणा येणार, म्हणून आधीच अंगात ताकद भरायची. जवळच्या हातोद गावाहून आत्या डिंकाचे लाडू घेऊन आली. शेजारून शिरा आला. आईने पोळीवरचं तूप दुप्पट केलं.

बाबांनी कुणालाच नाराज केलं नाही.

भरतीच्या दिवशी तुकोगंजच्या सर्जननी वजन केलं आणि आम्हाला परत पाठवलं.

"मास्टरजी, अर्धं लिव्हर मी काढणार. उरलेल्या अर्ध्याने पूर्ण ड्यूटी करायचीय, आणि त्यात चरबी भरलीय. वर या पोटामुळे श्वास अडकेल, टाके पिकतील. जाड माणसं वाचत नाहीत असं नाही. पण या हालतमध्ये मी हात नाही लावणार. दोन महिने घ्या, वजन उतरवा."

रिक्षात आई एवढंच बोलली, "मीच मारलं असतं हो यांना."

संध्याकाळी रामेश्वरकाका आले, बाबांच्या हाताखाली माग दुरुस्त ठेवणारे जॉबर. सगळं ऐकून म्हणाले, "बस, इत्ती सी बात? शिफ्ट लगा देते हैं."

खरंच लावली. सकाळी रामेश्वरकाका, दुपारी दुसरे, संध्याकाळी तिसरे. तिघेही त्याच मिलचे, तिघेही घरी बसलेले. बंद मिलच्या कंपाउंडभोवती बाबांना चालवायचं, हीच त्यांची नोकरी झाली.

बाबा कुरकुरायचे, "अरे भिया, आज संडे आहे."

"तो क्या, लीवर की छुट्टी है?"

एकदा बाबांच्या खिशात शेवेची पुडी सापडली. काकांनी ती तिथेच उभ्या-उभ्या संपवली.

घरी आईने तुपाचा डबा कुलपात टाकला. उरलेले लाडू हातोदला परत गेले, आणि आत्या सहा महिने रुसली.

दोन महिन्यांनी सर्जननी पुन्हा तपासलं, मान डोलावली आणि तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आई, मी आणि ते तिघे. कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

एका बाजूचे टाके तरीही पिकले. महिनाभर ड्रेसिंग चाललं. पण श्वास अडकला नाही, कावीळ चढली नाही. पाचव्या दिवशी सर्जन म्हणाले, "लिव्हरने काम पकडलं."

आई वॉर्डातच तोंडाला पदर लावून हसत सुटली. तिला थांबवताना नर्सच्या नाकी नऊ आले.

नंतर बाबांनी सांवेर रोडच्या एका फॅक्टरीत स्टोअर सांभाळलं. माझं लग्न लावलं. आत्याशी भांडले, समेट केला, परत भांडले.

आज चहा झाल्यावर पेपर वाचता वाचता गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते.

ऑपरेशनच्या वेळी मी दहावीत होते. देवाजवळ जास्त मागायची भीती वाटली, म्हणून फक्त माझ्या रिझल्टपर्यंतचे बाबा मागितले होते.

परवा त्यांनी माझ्या मुलीचा बारावीचा रिझल्ट चष्मा लावून स्वतः वाचला.

या, बाबा. तुमच्या लेकीचा भरल्या मनाने नमस्कार.