खलनायकाची वऱ्हाडी

इथे हिंदी मुलखात, चौबे कॉलनीत आमच्या वर राहणारे काका ऐंशीच्या दशकातले मारधाडीचे हिंदी पिक्चर जीव लावून पाहतात, पण शेवट कधीच पाहत नाहीत. खलनायकाचा अड्डा आला की टीव्ही बंद. "आता पोलीस येतीन, दोन पिंपं फुटतीन, अन् झालं! त्याच्यापेक्षा मीच सांगतो," म्हणत ते लुंगी सावरून उभे राहतात. मग काकांचा हिरो सोफ्यावर चढतो, आणि इतका वेळ हिंदीत गुरगुरणारा खलनायक मार खाताना एकदम वऱ्हाडीत गयावया करू लागतो.

आम्ही हसून हसून बेजार होतो. माझी कॉलेजातली मुलगीही हसते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मी सांगून थकले.

परवा काकांनी उशी उगारली आणि तशीच धरून थांबले.

"अरे देवा, व्हिलन काय म्हणते तेच विसरलो!"

मुलगी धपकन जमिनीवर पडली आणि ओरडली, "काहून मारून राहिला बे मले?"

काकांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि दुसरी उशीही उचलली. त्या दिवशी खलनायकाने बराच वेळ मार खाल्ला, आणि एकदाही हिंदीत माफी मागितली नाही.