बंदुकीवरची माशी

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, तुझ्या नोकरीतली एक खरी केस लिहून पाठव." ही केस मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही, कारण तिच्यातले एक आजोबा हयात होते. ते असताना त्यांच्या दुःखाची चर्चा होत राहावी, हे मला नको होतं. गेल्या महिन्यात ते वारले, म्हणून आता लिहिते. नावं मात्र कोणाचीच देणार नाही.

चंदगडच्या डोंगरातलं ते भाताचं खाचर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याची मी तेव्हा प्रमुख होते. भात पोटरीला आलं, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात आली, की तिकडे रानडुकरं उतरतात आणि उभं पीक लोळवून जातात. लोक शेतात माळा बांधून राखण करतात. काही घरांत पीकरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. ती गावठी कारागिराने हाताने घडवलेली असते आणि नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी ठासून भरावी लागते.

एके सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने विचारलं, "पावणं, कुठनं बोलतासा?"

"त्ये ऱ्हाऊ द्या. आमच्या वाडीत मयत झालंय. साप चावला म्हणत्यात. मग त्येच्या बाच्या धोतराला रगात कशाचं? सरण पेटायच्या आत या." फोन बंद झाला.

आम्ही पोचलो तेव्हा सरण रचून तयार होतं. लोक चिडले. एक जण म्हणाला, "जित्तेपणी कोण इचारत न्हाय, मेल्यावर गाडी घिऊन येत्यात." मी प्रेतावरचं कापड बाजूला करायला लावलं. छातीच्या एका बाजूला गोळीची जखम होती. पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवलं.

मेलेला माणूस तिशीतला. गोव्यात हॉटेलात काम करायचा आणि महिन्याकाठी घरी यायचा. घरात त्याचा बाप, बायको आणि दोन लहान मुलं. मी कोणाला काही विचारायच्या आधीच बाप पुढे आला.

"म्याच मारलं, मॅडम. डुक्कर समजून बार काढला. घाला बेड्या."

जीपमध्ये बसताना माझे हवालदार म्हणाले, "दुपारच्या आत कबुली. आसं रोज मिळालं तर आमी घरात जेवाय जाऊ की." मला मात्र ती कबुली फार सोपी वाटली. खरा गुन्हेगार आधी थोडं तरी स्वतःला वाचवून बघतो. हे आजोबा स्वतःला वाचवत नव्हते.

ठाण्यात त्यांना चहा दिला आणि जबाब सुरू केला. दिवस मावळतीचा, माळ्यावर एकटाच होतो, भातात काहीतरी हललं, असं ते नीट सांगत होते.

"मुलगा त्या वेळी काय करत होता?"

"वाकलं हुतं. बांध फुटलेला, त्येला चिखल लावत हुतं."

"हे तुम्हाला बार काढायच्या आधी दिसलं?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आधी दिसलं असतं तर बापाने बार काढलाच नसता. नंतर धावत गेलेल्या माणसाला मुलगा पडलेला दिसला असता, वाकलेला नाही. म्हणजे हे त्यांना दुसऱ्या कोणीतरी सांगितलं होतं.

मग त्यांच्या घरातून जप्त केलेल्या बंदुकीची पंचांसमोर तपासणी केली. नळी रिकामी असल्याची खात्री करून घेतली. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी पितळेचा बारीक दाणा असतो. त्याला माशी म्हणतात. ही माशी काढून नव्याने डाख देऊन बसवलेली होती, आणि तीही मधोमध नाही, थोडी उजवीकडे. मी बंदूक उजव्या खांद्याला लावून पाहिली. माशी नजरेच्या बाहेर राहिली. डाव्या खांद्याला लावली आणि ती बरोबर डोळ्यासमोर आली. आजोबांनी मघाशी जबाबावर सही केली होती ती उजव्या हाताने.

सुनेचा जबाब घ्यायला मी स्वतः वाडीवर गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. नाव, गाव लिहून झाल्यावर पहिल्या पानावर सही करायला सांगितलं. तिने पेन डाव्या हातात धरलं. मी एवढंच विचारलं, "माशी कोणी बसवली?"

"ह्यांनीच. गोव्यासनं गणपतीला आल्तं तवा."

"कशासाठी?"

"मी डावरी. मला नेम लागंना. मामांना, म्हंजी सासऱ्यांना, आता तितकं दिसत न्हाय, राखणीला मीच जायची. ह्यांनी मला माळ्यावर बसवलं, सारखी बंदूक खांद्याला लावाय लावली आणि माशी जरा जरा सरकवत ऱ्हायले. म्हणाले, आता तुजा बार चुकायचा न्हाय."

बाकीचं तिने नंतर सांगितलं; त्यातलं काही नवऱ्यानेच जीव जाण्याआधी तिला सांगितलं होतं. तो ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आला होता. वाडीत मोबाइलला रेंज नव्हती, फोनसाठी खालच्या रस्त्यापर्यंत उतरावं लागे, म्हणून त्याला तसं कळवता आलं नाही. एसटीतून उतरून रस्त्याने न येता तो खाचरातून निघाला. वाटेत बांध फुटून पाणी वाहताना दिसलं, तसा पिशवी ठेवून वाकला. माळ्यावरून तिला फक्त भात हललेलं दिसलं आणि तिने बार काढला. शेतकऱ्याला फुटका बांध ओलांडून पुढे जाता येत नाही.

आजोबांना सोडून घरी आणलं आणि सुनेने सगळं सांगितल्याचं कळवलं, तेव्हा ते ओरडले नाहीत.

"तुमास्नी कबुली दिल्ती न्हवं? मग कशाला उकरलंसा? माजं किती दिस ऱ्हायल्यात? पोरांचा बा गेला, आता आय बी न्हेणार?"

"आजोबा, मला खोटा कागद करता येत नाही."

"कागद तुमचा, मॅडम. पोरं आमची."

मी जबाबाचे कागद गोळा करून फाईलला लावले.

सूर्यास्तानंतर बाईला अटक करत नाहीत, म्हणून महिला शिपाई तिथे ठेवून आम्ही सकाळी गेलो. तिने मुलीची वेणी घातली, धाकट्याला सासऱ्याच्या मांडीवर दिलं आणि आपणहून जीपमध्ये येऊन बसली.

हा निव्वळ अपघात होता, हे मी दोषारोपपत्रात आणि साक्षीतही स्पष्ट सांगितलं. तरी माणूस गेला होता आणि बंदुकीचा परवाना तिच्या नावावर नव्हता. तिला काही महिन्यांची शिक्षा झाली. तेवढे दिवस म्हाताऱ्याने मुलांना रांधून घातलं. परवाना रद्द झाला आणि बंदूक न्यायालयाच्या आदेशाने नष्ट केली.

या केसने मला एवढं शिकवलं की कबुली मिळाली म्हणून तपास थांबवू नये. आणि तपास बरोबर निघाला म्हणून कोणाचं भलं झालं असंही समजू नये. मला जे काम नेमून दिलं होतं ते मी केलं. त्याची झळ दोन लहान मुलांनी सोसली.

आजोबा गेल्याचं सुनेनेच फोन करून कळवलं. म्हणाली, "मामा एकदा सुदीक मला टाकून बोलले न्हाईत, मॅडम." डुकरं अजून येतात, ती डबे वाजवून हाकलते. खाचर ती अजून कसते, आणि दोन्ही मुलं तिच्याजवळ आहेत.