इंजिनाला घातलेली माळ

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आयुष्यात एकदाही चुकले नाहीत. चुकण्याचं काम त्यांनी घरातल्या माणसांवर आणि नोकरांवर सोपवलं होतं. भरतीची वेळ हुकवून ते पनवेलच्या बंदरावर पोचले आणि मुंबईचा शिडाचा पडाव सुटून गेलेला दिसला, तर त्या दिवशी खाडीलाच घाई झालेली असायची. चहाने जीभ भाजली तर ताईने कप गरम दिलेला असायचा. माझा या माणसावर फार राग होता आणि तितकाच जीवही होता. त्यामुळे मला त्यांच्याविषयी धड वाईट बोलता येत नाही आणि चांगलं बोलायला गेलो की त्यांचा ड्रायव्हर धर्मा आठवतो.

भाऊजींचा खरा छंद मोटारींच्या रोगाचं निदान. स्वतःला मोटर चालवता येत नव्हती, पण घाट चढण्याआधी पाणी भरायला गाड्या पनवेलात थांबत, तिथे हे हजर. कोणाच्याही बॉनेटला कान लावत, डोळे मिटत आणि गंभीरपणे सांगत, "कफ आहे." एकदा एका वऱ्हाडाच्या गाडीला त्यांनी घोंगडी पांघरून बसवलं होतं. नवरदेव शेवटी एस.टी.ने गेला. भाऊजी म्हणाले, "पथ्य पाळलं नाही त्यांनी."

पुढे विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटर त्यांनी विकत घेतली आणि खोपोलीपर्यंत भाड्याने फिरवायला जवळच्या कोन गावच्या धर्माला ठेवलं. धर्मा गाडीला बैलासारखं जपायचा. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "शेट, इंजनाच्या वरच्या झाकनातून तेल गलताय. गॅरेजात दावू या." भाऊजींनी तेलात बोट बुडवून चाटलं. "घाम आहे. मेहनतीचा. उद्या पूजा झाली की थांबेल."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. सगळं पनवेल मोटारीच्या तोंडाला झेंडूची माळ घालतं, पण भाऊजींचं म्हणणं, देव आत बसलेला असताना दाराची पूजा काय कामाची? त्यांनी बॉनेट उघडून इंजिनालाच माळ घातली, दोरा तुटेल म्हणून तारेत ओवलेली. वर हुकूम सोडला की माळ आपोआप गळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. ती वाळली, तेल पिऊन काळी झाली. धर्माने दोनदा काढू का विचारलं आणि दोनदा बोलणी खाल्ली. मग एका दुपारी खोपोलीहून परतताना बॉनेटखालून जाळ निघाला. धर्माने उतारूंना बाहेर काढलं, माती टाकून आग विझवली, हात भाजून घेतले.

आगीचं निदान आठवडाभर चाललं. भाऊजी जळक्या इंजिनाचा वास घेत, राख चिमटीत धरून पाहत. आधी पेट्रोलात भेसळ निघाली, मग बॅटरीच्या वायरीवर संशय गेला. धूर जाण्याच्या नळीला वेटोळं घालून माळेची तार तशीच होती, तिला झेंडूचे कोळसे चिकटलेले. मी ती त्यांच्या नाकासमोर धरली. म्हटलं, "भाऊजी, वरून तेल गळत होतं, खाली नळी तापलेली आणि मध्ये ही वाळकी माळ. आणखी काय हवं?"

"ती देवाची तार आहे," ते म्हणाले. "देवाच्या तारेने आग लागत नसते. या धर्माने बिडी ओढली असणार."

धर्मा तंबाखू खायचा. बिडी त्याने जन्मात ओढली नव्हती. "शेट, मी काय केला नाय," एवढंच तो म्हणाला, भाजलेले हात पुढे धरून. भाऊजींनी त्याला काढून टाकलं आणि हे निदान गावभर सांगितलं. गाडी जाळणारा म्हणून त्याला पनवेलात पुन्हा कोणी चाकाला हात लावू दिला नाही. तो मिठागरात मीठ ओढायला गेला. मी मोटारमालकांना खरं सांगत फिरलो, पण भाऊजींचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

तरी ताईने आपल्याला जेवू घातलं होतं म्हणून तो दर दसऱ्याला त्या घरी सोनं द्यायला यायचा.

काही वर्षांनी भाऊजींनी दुसरी मोटर घेतली. दसऱ्याला नव्या ड्रायव्हरने विचारलं, माळ कुठे बांधू? भाऊजी झटकन म्हणाले, "पुढे, बाहेरच्या बाजूला. आत नको, आत तापतं." ताईने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे भाऊजींना सगळं ठाऊक होतं. माझं डोकं असं तडकलं की मी जाब विचारायला उठलोच.

तेवढ्यात धर्मा आला. आपट्याची पानं भाऊजींच्या हातात दिली, वाकला, आणि त्याची नजर गाडीच्या माळेकडे गेली. "माल भायेर बांदलीव," तो म्हणाला. "बरा केलाव, शेट." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

भाऊजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. जन्मभर ज्याला त्याला निदान सांगणारा हा माणूस पानं मुठीत धरून नुसता उभा राहिला. आज ते नाहीत, आणि आठवण येते ती त्यांच्या त्या उभं राहण्याची. 'चुकलो' एवढा एकच शब्द हवा होता, तो त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. पण तोवर धर्मा ओसरीच्या पायऱ्या उतरून मिठागराच्या वाटेला लागला होता.